दोन पुस्तकं, एक लेख आणि जालन्यातली एक फाईल

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सिनॉप्सिस वाचायला पाठवले. स्थलांतर किंवा नोकरशाही हा विषय असला की त्यात तीन नावं हमखास येतात. अखिल गुप्ता यांचं ‘रेड टेप’ (२०१२), मॅथ्यू हल यांचं ‘गव्हर्नमेंट ऑफ पेपर’ (हेही २०१२) आणि शिआंग बियाओ व योहान लिंडक्विस्ट यांचा ‘मायग्रेशन इन्फ्रास्ट्रक्चर’ हा २०१४ चा लेख. तिघांच्या वाट्याला एकेक वाक्य येतं, तेही कौतुकाचं, आणि पुढच्या परिच्छेदात ‘संशोधनातील पोकळी’ सुरू होते. पोकळी कुठे आहे ते या तिघांशी भांडल्याशिवाय कसं कळणार, हा माझा प्रश्न. म्हणून आज भांडून दाखवतो.

भांडायला एक साधन लागतं. माझ्याकडे एक फाईल आहे, म्हणजे तिच्या झेरॉक्स. जालना जिल्ह्यातल्या एका परिचारिकेने जर्मनीत काम मिळवण्यासाठी २०२३ पासून जमवलेले छत्तीस कागद. तिच्या परवानगीने वाचले आहेत. काही तपशील मी मुद्दाम गाळलेत, त्याचं कारण शेवटाकडे सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण या विषयावर गावोगावी अर्धवट माहिती फिरतेय. भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराचा करार ५ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यायच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० करणार असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी सामंजस्य करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० जण पाठवायचे, त्यांना इथेच जर्मन शिकवायची, असा बेत होता. यादीत परिचारिका होत्या, तसेच इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, ड्रायव्हर, स्वयंपाकीही होते. सरकारी भाषेत या सगळ्याला ‘कुशल मनुष्यबळाचा पुरवठा’ म्हणतात. पुरवठा पाण्याचा होतो, विजेचा होतो, धान्याचा होतो. ज्याचा पुरवठा होतो त्याला अर्ज भरावा लागत नाही. माणसाला मात्र भरावा लागतो, आणि तिथून पुढे काय होतं ते या शब्दात कुठेच दिसत नाही.

एक उदाहरण देतो. जालन्यात स्टीलचे कारखाने आहेत, त्यामुळे आयटीआय करून वेल्डर किंवा फिटर झालेली मुलं भरपूर. आयटीआयचा फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा, वेल्डर आणि प्लंबरचा एक वर्षाचा. जर्मनीने १ जून २०२४ पासून जे ‘चान्सनकार्टं’ म्हणजे संधी-कार्ड सुरू केलं, त्याच्या गुण मोजण्याच्या वाटेने जायचं तर मायदेशात मान्य असलेलं, किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. म्हणजे एकाच आयटीआयमधल्या, एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी फिटरला ते दार उघडं आणि वेल्डरला बंद. वेल्डरला हे कोण सांगतं? बहुतेक वेळा कुणीच नाही. भाषेच्या वर्गाचे पैसे भरून झाल्यावर त्याला कळतं.

आणि हो, ज्याला आपण सगळे ‘वर्क परमिट’ म्हणतो तो सुटा कागद जर्मनी देतच नाही. कामाची परवानगी व्हिसात आणि पुढे निवास परवान्यात लिहिलेली असते; त्यासाठी त्यांच्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागली तर ती कार्यालयं आपसात घेतात. तरी या लेखात मी परमिटच म्हणणार, कारण फाईलवर मार्करने तेच लिहिलंय.

आता गुप्ता. ‘रेड टेप’चा प्रश्न मोठा आहे. गरिबांसाठी इतक्या योजना राबवणाऱ्या राज्यात गरिबीने इतकी माणसं का मरतात? गुप्ता यांनी उत्तर प्रदेशातल्या एका तालुक्यात काम केलं. वृद्धांच्या पेन्शनसाठी भरलेल्या शिबिराचं वर्णन पुस्तकात आहे, ते तुम्ही सिनॉप्सिससाठी नव्हे, नुसतं वाचायचं म्हणूनही वाचा. त्यांचं उत्तर असं की नोकरशाहीच्या नेहमीच्या कामकाजातूनच मनमानी निकाल तयार होतात, आणि ही एक प्रकारची रचनात्मक हिंसा आहे. भ्रष्टाचार, लिखाण आणि शासकता या तीन धाग्यांनी ते हे मांडतात.

पहिल्या वाचनात मला वाटलं, हे इथे लागूच पडत नाही. आमच्या परिचारिकेच्या बाबतीत कुणी लाच मागितली नाही, कुणी हाकलून दिलं नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये परदेशी परिचारिकांच्या पदविकेला मान्यता देण्याचं काम श्टुटगार्टच्या विभागीय प्रशासन कार्यालयाकडे आहे. तिथून आलेलं पत्र अगदी सभ्य होतं. तिच्या जीएनएम पदविकेची तुलना जर्मन प्रशिक्षणाशी करायची होती, आणि तिकडे २,१०० तास वर्गातलं शिक्षण व २,५०० तास प्रत्यक्ष काम असं ठरलेलं आहे. तेव्हा विषयवार तासांचं पत्र तुमच्या कॉलेजकडून आणा, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. नियमाला धरून, स्पष्ट, वेळेत.

पण तिने जिथे शिकली त्या संस्थेचं व्यवस्थापन मधल्या काळात बदललं होतं. जुनी हजेरीपुस्तकं कुठे आहेत हे नव्यांना माहीत नव्हतं आणि जुन्यांना सांगायचं नव्हतं. पत्र मिळायला सात महिने लागले. तेवढ्यात ज्या रुग्णालयाने तिला नोकरीचा करार दिला होता त्यांनी ती जागा भरून टाकली. तिची मैत्रीण, तीच पदविका, तेच गुण, पण दुसऱ्या कॉलेजची, तिला ते पत्र नऊ दिवसांत मिळालं. ती आज तिकडे आहे.

इथे मला गुप्तांकडे परत यावं लागलं. मनमानी म्हणजे साहेबाचा लहरीपणा असं त्यांनी म्हटलेलंच नाही. ते मी घाईत वाचलं होतं. प्रत्येक पायरी नियमाने होऊनही शेवटचा निकाल चिठ्ठी टाकल्यासारखा लागू शकतो, हा त्यांचा मुद्दा, आणि तो इथे बरोबर बसतो. तुमच्यापैकी कितीतरी जण ‘गुप्ता भ्रष्टाचारावर लिहितात’ एवढंच लिहून मोकळे होता. तसं करू नका.

तरी एक तक्रार उरते. गुप्तांच्या पुस्तकात माणूस कार्यालयात जातो आणि संशोधक आधीच तिथे बसलेला असतो. टेबलाच्या त्या बाजूचं जग बारकाईने दिसतं, पण अर्जदार घरी गेल्यावर काय करतो ते फारसं दिसत नाही. आमच्या फाईलचं नव्वद टक्के काम घरी झालंय. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, सतरंजीवर कागद पसरून.

हल यांचं पुस्तक याच्या जवळ येतं, म्हणून ते मला जास्त आवडतं आणि म्हणूनच त्याच्यावर रागही जास्त आहे. इस्लामाबादच्या विकास प्राधिकरणात बसून त्यांनी फायली, अर्ज, चिठ्ठ्या, नकाशे यांचा अभ्यास केला. कागद नुसती माहिती वाहून नेत नाही, तो माणसांची नाती घडवतो. फाईल फिरत राहिली की निर्णय कुणा एकाचा राहत नाही आणि जबाबदारी पातळ होते. ज्याने तहसीलमध्ये एकदा तरी ‘फाईल वर गेलीय’ हे वाक्य ऐकलंय त्याला हे लगेच पटेल.

मात्र हल यांची फाईल कार्यालयाच्या मालकीची आहे. अर्जदाराला ती बघायलाही मिळत नाही. आमची फाईल उलटी. ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कपाटावर, पावसात भिजू नये म्हणून गादीच्या कव्हरात. आणि तिचं मुख्य काम आहे जुळवणी. या कागदावरचं नाव त्या कागदाशी जुळलं पाहिजे. वाचायला सोपं वाटतं ना?

बघा. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टच्या अर्जात दोनच रकाने, दिलेलं नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात घालायचं की नाही हे कोण ठरवतं? कायदा नाही, अर्जदारही नाही. ई-सेवा केंद्रात कीबोर्डवर बसलेला मुलगा ठरवतो. लग्नानंतर आधार बदललं: मधे नवऱ्याचं नाव, शेवटी सासरचं आडनाव. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र माहेरच्या नावाने. म्हणजे एकाच बाईची तीन नावं झाली, आणि तिन्ही खरी. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भानगड वेगळीच: ‘व’ला व्ही की डब्ल्यू, ‘श्री’त शेवटी आय की डबल ई. मग ही तीन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे सांगायला विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, काहींच्या बाबतीत राजपत्रात नावबदल. आणि यातल्या मराठी कागदांचं शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर. अनुवादक प्रामाणिक असतो, जे दिसतं ते उतरवतो. म्हणजे तीन नावं जर्मनमध्येही तीनच राहतात.

(अवांतर: १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राने नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम सरकारी कागदांवर सक्तीचा केलाय. निर्णय मला मनापासून आवडला. पण पासपोर्टचे रकाने अजून दोनच आहेत. वीस वर्षांनी या मुलांच्या फायलींवर कुणीतरी पीएचडी करेल.)

गावांची नावंही अशीच. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीत. आई-वडिलांच्या जुन्या दाखल्यांवर तोच जिल्हा असतो. मराठवाडा विद्यापीठाचं नाव १९९४ मध्ये बदललं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झालं. आपल्याला हे बदल इतिहासासकट माहीत आहेत, त्यातल्या एकासाठी माणसांनी जीव दिलेत. पण हजारो मैलांवर यादीतलं नाव अर्जावरच्या नावाशी ताडून बघणाऱ्या कारकुनासाठी ती दोन वेगळी गावं, दोन वेगळी विद्यापीठं होऊ शकतात. ती एकच आहेत हे सांगायची जबाबदारी कुणावर? अर्जदारावर.

बरं, यावर उपाय म्हणून जगात अपोस्टिल आहे ना? भारत २००५ मध्ये त्या हेग करारात सामील झाला. परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का, आणि करारातल्या देशांत कागद चालतो. पण नवा देश सामील होताना आधीच्या देशांना आक्षेप घेता येतो, आणि भारताच्या बाबतीत जर्मनीने तो घेतला. त्यामुळे त्या दोघांमध्ये हा शिक्का लागू झाला नाही. हे माहीत नसलेली कितीतरी मंडळी एजंटच्या सांगण्यावरून अपोस्टिलसाठी पैसे भरतात. फाईलमधल्या चार कागदांवर तो शिक्का आहे. सुबक आहे, पण ज्या कामासाठी मारला त्या कामाचा नाही.

हल यांच्यावर माझा आक्षेप इथे येतो. कागदाचं भौतिक रूप, त्याचा रंग, शिक्का, फिरणं हे सगळं त्यांनी एका कार्यालयाच्या आत पाहिलं. आमचे कागद सात-आठ कार्यालयांतून आलेत आणि त्यातलं एकही कार्यालय दुसऱ्याशी बोलत नाही. त्यांच्यात बोलणं घडवून आणायचं काम एक बाई, तिचा भाऊ आणि ई-सेवा केंद्रातला तो मुलगा करतात. त्या मुलावर अभ्यास झाला पाहिजे. तो सरकारी नोकर नाही, एजंट नाही, शिक्षक नाही. पण नावाचे तुकडे कुठे पाडायचे हे तो ठरवतो, आणि अर्ज नाकारला गेला तर त्याचं काहीच बिघडत नाही.

मध्यस्थांचा विषय निघाला की शिआंग आणि लिंडक्विस्ट यांच्याकडे यावंच लागतं. चीन आणि इंडोनेशियातल्या कामावरून ते म्हणतात की स्थलांतर एकटा माणूस करत नाही. त्याला हलवणारी एक यंत्रणा असते. तिचे पाच पैलू ते सांगतात: व्यापारी, नियामक, तांत्रिक, मानवतावादी आणि सामाजिक. मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजवायला सिद्धांत लागत नाही, मुकादम पुरतो. मंठा, परतूर, घनसावंगीकडची ऊसतोड जोडपी दिवाळीच्या आसपास निघतात ती उचल घेऊन, मुकादमाच्या शब्दावर. त्या प्रवासात कागद जवळजवळ नसतोच. तीच ओळखीची माणसं, तोच तालुका, आणि जर्मनीच्या वाटेवर सगळा कागदच कागद. दोन्हीकडे मध्यस्थ आहे, पण एकीकडे तो माणसाची हमी घेतो, दुसरीकडे फक्त फॉर्म भरतो. ही तुलना अजून कुणी नीट केलेली मला दिसली नाही. आपल्याकडे स्थलांतर म्हटलं की ऊसतोड, आणि परदेश म्हटलं की केरळ. केरळने १९९६ पासून अनिवासींसाठी वेगळा विभाग काढलाय, तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ मध्ये स्थलांतराचं सर्वेक्षण सुरू केलं, त्यामुळे अभ्यासही तिथलाच जास्त. जालन्यातून परदेशी जाणाऱ्यांबद्दल विचाराल तर आकडा सांगायलाही कुणी नाही.

या लेखातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली कल्पना म्हणजे यंत्रणेचं आतल्या आत गुंतत जाणं. नियम वाढतात, सोयी वाढतात, पोर्टल येतं, आणि तरीही माणसाची स्वतःच्या बळावर जायची क्षमता वाढत नाही. यंत्रणा स्वतःलाच पोसत राहते. जर्मनीचीच ‘जलद प्रक्रिया’ घ्या. मार्च २०२० पासून ही सोय आहे. ४११ युरो भरले की मान्यतेचा निर्णय आणि व्हिसाची भेट यांना मुदती लागतात. पण ती सुरू करतो नोकरी देणारा, अर्जदाराकडून मुखत्यारपत्र घेऊन. वेग आहे, पण त्याची किल्ली परिचारिकेच्या हातात नाही. जिचं कॉलेज पत्र देत नाही तिच्यासाठी कोणता मालक ही किल्ली फिरवेल?

पण लेखात काय नाही ते सांगतो. काळ नाही. पाच पैलू एका चित्रात शेजारी शेजारी ठेवलेत, जणू सगळे एकाच वेळी काम करतात. प्रत्यक्षात परमिट ही क्रमाची गोष्ट आहे. तासांचं पत्र आलं तर मान्यतेचा अर्ज पुढे जातो, त्यातून कमतरतेचं पत्र निघतं, त्यावर व्हिसाचा प्रकार ठरतो, तोवर करार जिवंत असावा लागतो. एक पायरी लांबली की मागच्या पायऱ्या कुजायला लागतात. आणि नियमही मधेच बदलतात. २०२४ पासून परिचारिकांना तासांची ही सविस्तर तुलना सोडून देऊन थेट परीक्षा किंवा अनुकूलन प्रशिक्षणाचा मार्ग घेता येतो. म्हणजे ज्या पत्रासाठी तिचे सात महिने आणि एक नोकरी गेली, ते पत्र पुढच्या वर्षी अर्ज करणारीला त्या तुलनेसाठी लागलंच नसतं.

तर माझं भांडण थोडक्यात असं आहे की तिघेही टेबलाच्या पलीकडून किंवा बरंच वरून बघतात, आणि नोकरशाहीचं जे काम अर्जदाराच्या घरात ढकललं गेलंय ते तिघांच्याही चौकटीतून निसटतं. तुम्हाला या विषयावर काम करायचं असेल तर सुरुवात मुलाखतीने करू नका. ‘तुम्हाला काय अडचणी आल्या?’ असं विचारलं की लोक एजंटला शिव्या देतात आणि चहा मागवतात. त्याऐवजी फाईल मागा. कागद तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येकाला विचारा: तू कुणामुळे जन्मलास, तुला आणायला कोण गेलं, त्या दिवशीची मजुरी किंवा रजा कुणाची बुडाली? मी हे केलं तेव्हा छत्तीसपैकी एकोणीस कागद तिच्या भावाने आणले होते हे कळलं. तो मुलाखतीत एकदाही आला नव्हता, तिच्याही आणि माझ्याही बोलण्यात.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत, त्या गाईडने काढायच्या आधी तुम्हीच लिहा. फाईलमध्ये फक्त मिळालेले कागद असतात. नाकारलेले, हरवलेले, न मागितलेले नसतात. शिवाय ज्यांनी पहिल्याच पायरीवर नाद सोडला त्यांच्याकडे फाईलच नसते, तो वेल्डर आठवा. त्यांना शोधायला दुसरा रस्ता काढावा लागेल.

आणि गुप्ततेचं. ‘नाव बदललं आहे’ एवढ्याने भागत नाही. जिल्ह्यातून जर्मनीला जाऊ पाहणाऱ्या परिचारिका किती असतील? तालुका, कॉलेज आणि वर्ष लिहिलं की बाजारात कुणीही ओळखेल. पासपोर्टची झेरॉक्स तर ठेवूच नका. तारखा आणि कागदाचा प्रकार वहीत उतरवून घ्या, झेरॉक्स परत करा. मी सुरुवातीला ठेवल्या होत्या, तीही चूकच होती. आता त्या फोल्डरमध्ये परत जात आहेत.

ती सध्या बी-२ ची तयारी करतेय, रात्रपाळी नसेल त्या दिवशी. नवा करार अजून झालेला नाही. फाईलमध्ये आता अडतीस कागद आहेत. एक भाषेच्या वर्गाची पावती, आणि दुसरा त्याच तासांच्या पत्राची दुरुस्त प्रत, कारण पहिल्या पत्रात वडिलांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं.